डावीकडे पूर्ण वळू नये

कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलमागे
मुनीरभाईच्या वखारीत
टायर माणसाच्या दुप्पट उंच रचलेत.
मी वाकून वास घेतो, रबरात नख रुतवतो,
नक्षीच्या फटीत रुपया उभा करून बघतो.
अर्धा बुडाला.
म्हणजे बोलणी करायला हरकत नाही.

"एका जीपवाल्याने काढलेत. दोनच पावसाळे चाललेत."
हा माणूस किलोमीटर मोजत नाही.

टायरच्या गालावर चार आकडे, तेवीस सतरा.
सतरा सालचा तेविसावा आठवडा.
मी तिथेच उकिडवा बसून राहतो.
त्या आठवड्यात बेलापूर रोडला
आमच्या कंपनीच्या गेटवर नोटीस लागली होती,
खळ अजून ओली होती,
एक कोपरा वाऱ्याने सुटत होता
आणि वॉचमन तो पुन्हापुन्हा अंगठ्याने दाबत होता.
तेव्हा कुठेतरी हे रबर
साच्यात शिजत होतं.

"काय शेठ, घ्यायचे ना?"

चार मिळून साडेबारा हजार.
पाचवा भिंतीला टेकून राहिला.
टेम्पो निघाला तेव्हा मी
मोबाइलमध्ये काहीतरी बघत होतो.

शहाण्णवची जिप्सी, कंपनीच्या हिशेबाच्या पैशांतली.
शैलजा तिला भंगार म्हणते
आणि दसऱ्याला तिच्या बॉनेटवर
सगळ्यांत जाड हार तीच घालते.

घणसोलीत हसुराम म्हात्रे
जॅकखालून बाहेर येत म्हणाला,
"चाक मोठा केलास म्हनून गारी मोठी होत नाय."
लिफ्ट किटची किंमत ऐकून
आम्ही दोघंही हसलो, तो जरा जास्त.
मग त्याने जाड लोखंडी पट्टीतून
पाट्यांचे शॅकल घरीच कापले,
दोन इंच लांब.
गाडी उचलली एकच इंच.
"अर्धं कुठं गेलं रे?"
"दलालीन."

तरीही चाक मडगार्डला लागत होतं.
उजवीकडचा पत्रा त्याने छान कापला,
कडेला रबरी पट्टी, वर काळा रंग.
डावीकडे अर्ध्यात ग्राइंडरची चकती संपली,
मग लाइट गेली,
मग मी पाकीट उघडून बघितलं
आणि म्हणालो, राहू दे.

आता पारसिकच्या चढाला तिसऱ्यात धापते,
दुसरा टाकावा लागतो.
काटा पन्नास म्हणतो तेव्हा
खरं तर आम्ही पंचावन्नला असतो.
मी तेवढ्याच वयाचा आहे.
काट्याला काही बोलत नाही.

रविवारी बंद खदानीत नेली.
ती दगडी पायरी, जिथून गेल्या वर्षी
जुनी चाकं तीनदा खडी उडवत मागे घसरली होती,
तिच्यासमोर उभी केली.
लहान कांडी मागे ओढली, क्लच हळू सोडला.
काही झालं नाही.
म्हणजे गुरगुर नाही, धूर नाही,
कुणी जिना चढावं तशी ती चढली.
शैलजाने पुढची दांडी धरलेली होती,
वर पोचल्यावर ती सोडायचं विसरली.
"परत एकदा," म्हणाली.

परतताना उजवीकडे खदानीचं हिरवं पाणी,
वळायचं तर डावीकडेच.
खर्रर्र.
मी मागे घेतली, पुढे घेतली,
पुन्हा मागे.
एका झटक्यात निघालो असतो,
शंभर रुपयांची चकती कमी पडली.
"अशीच वळायची का आता कायम?"
"महिन्याभरात कापून घेऊ."
हे मी मार्चपासून म्हणतोय.

मागच्या दारावर जुनं पाचवं चाक तसंच आहे,
थोरल्या भावांच्या मागे
हाफपँटीतलं धाकटं.
हसुरामने बजावलंय,
ह्याच्यावर चाललास तं हळू जा, घरापरत,
आन फोर-व्हील लावू नको, गियर रडतील.
मी त्यात हवा बरोबर भरून ठेवतो,
दर शनिवारी,
त्या चार मोठ्यांच्या आधी.